धुक्यात तोफ वाजत नाही

"मॅडम, मला समोरची बाभूळ दिसत नाहीये," कर्नल रणनवरे कंटेनरच्या दारात उभे राहून म्हणाले. "आणि चार किलोमीटरवरचा ट्रक तुम्हाला दिसणार?"

"दिसेल साहेब. वीस मिनिटं द्या."

"दिली. साडेआठला तोफ तयार आहे. तुम्ही बोट दाखवायचं, आम्ही मारायचं."

ते आत आले आणि मागून धुक्याचा एक लोट आत शिरला. फिरोजने घाईने दार ओढून घेतलं. ड्रोनच्या पडद्यावर ओल धरते म्हणून तो सकाळपासून वैतागला होता. फिरोज तडवी यावलचा. आमचं विमान, म्हणजे ते बिनमाणसाचं छोटं विमान, तो उडवायचा. त्याच्याशेजारी मी, आणि आमच्या दोघांच्या मागे खुर्ची ओढून डॉक्टर देवस्थळी. प्रकल्प त्यांचा होता. तीन वर्षं त्यांनी त्यात घातली होती, आणि मे महिन्यात ते निवृत्त होणार होते.

जागेचं नाव मी सांगत नाही. दख्खनच्या पठारावरचं एक ओसाड खोरं होतं, सैन्याच्या सरावाचं, एवढं पुरे. खोऱ्याच्या एका अंगाला जुन्या धरणाचं पाणी. थंडीत त्या पाण्यावरून धुकं उठायचं आणि नऊ-दहापर्यंत खोऱ्यात साचून राहायचं. आम्हाला तेच हवं होतं. आमची चाचणी गेल्या आठवड्यापासून धुक्यासाठीच अडली होती.

आम्ही काय करत होतो ते थोडक्यात सांगते. रडारला धुकं, धूर, अंधार यांचं काही वाटत नाही. त्याच्या लहरी आरपार जातात, गाडीवर आपटतात आणि परत येतात. एका फेरीत मिळतं ते सपाट चित्र, त्यात जीप आणि बैलगाडीही सारखीच वाटू शकते. म्हणून आमचं विमान खोऱ्यावरून आठ फेऱ्या मारायचं, प्रत्येक फेरी वेगळ्या उंचीवरून. आठही फेऱ्यांतले ठिपके एकत्र बसवले की गाडी तिन्ही बाजूंनी उभी राहायची. टप, चाकं, हौदा, सगळं. मग संगणक आपल्याकडच्या यादीशी ती आकृती ताडून बघायचा आणि सांगायचा, हा ट्रक, ही जीप, हा टँकर. आणि किती खात्रीने सांगतोय तो आकडा.

तो आकडा माझं काम होतं.

पहिल्या वर्षी तो एक्याऐंशीच्या वर जाईना. कारण ठिपके जुळण्यासाठी वस्तू आठही फेऱ्या हलता कामा नये. गाडी हलत नाही, पण तिच्या टपावर बसलेला बगळा हलतो, शेजारचं गवत हलतं, फांदी हलते. हलणाऱ्या गोष्टीचा चित्रात फराटा उमटतो, ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखा. त्या फराट्यांनी गाडीचा आकार बिघडायचा आणि संगणक गोंधळायचा. मी सहा महिने बसून एक प्रोग्रॅम लिहिला. फराटा ओळखायचा आणि पुसून टाकायचा. आम्ही त्याला 'सफाई' म्हणायचो. सफाई लावल्यावर आकडा सत्त्याण्णवपर्यंत गेला. देवस्थळी सरांनी त्या दिवशी सगळ्यांना जिलेबी खिलवली होती. "यामिनी कारखानीसमुळे आपण पास होणार," असं ते येईल त्याला सांगायचे. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. मला ते आवडायचं.

"सातवी फेरी संपली," फिरोज म्हणाला.

खोऱ्यात सहा भंगार गाड्या उभ्या केल्या होत्या. त्यांतली कुठली कुठे आहे हे फक्त कर्नलसाहेबांना ठाऊक होतं. आम्ही जुना मोठा ट्रक शोधून द्यायचा, आणि तोफेने त्याच्यावर खरा गोळा टाकायचा. मोजक्या माणसांसमोरची ही शेवटची परीक्षा होती. यानंतर मोठ्या अधिकाऱ्यांना दाखवायचं.

लांबून भोंगा वाजला. सरावाआधी तो तीनदा वाजवायची पद्धत होती.

आठवी फेरी संपली. पडद्यावर ठिपके गोळा व्हायला लागले आणि एकेक गाडी उभी राहिली. चार नंबरची आकृती हळूहळू लांब झाली, तिला केबिन फुटली, मागे उंच हौदा आला. पडद्याच्या कडेला अक्षरं आली: ट्रक. अठ्ठ्याण्णव.

देवस्थळी सरांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हलकेच थाप मारली.

"चार नंबर, साहेब," ते म्हणाले. "तलावाकडच्या उतारावर. बरोबर?"

कर्नलांनी खिशातला कागद काढून पाहिला. बराच वेळ पाहिला. "बरोबर," ते म्हणाले. "च्यायला, बरोबर." आणि त्यांनी तोफेकडच्या फोनवर हात ठेवला.

मी पडद्याच्या खालच्या ओळीकडे बघत होते. सफाईने प्रत्येक गाडीच्या आसपासचं किती पुसलं, ते तिथे लिहून यायचं. कुणी ती ओळ बघत नसे. मी माझ्या सवयीने बघायचे. पहिली गाडी, दोन टक्के. दुसरी, तीन. तिसरी, दोन. चौथी, एकतीस.

"फिरोज, वारा किती आहे?"

"वारा? वाराच नाही. असता तर धुकं राहिलं असतं का?"

"मग काय हलतंय?"

सरांनी ऐकलं. "काय झालं?"

"सर, ट्रकभोवतीचं एकतीस टक्के पुसलंय. आजवर पाचच्या वर गेलेलं नाही. गवत हलत नाहीये."

"कुत्री असतील. ऊब बघून गाड्यांखाली बसतात."

"कुत्र्यांनी एकतीस टक्के नाही होणार. मी मूळ चित्र उघडून बघते."

"आता?" त्यांनी कर्नलांकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "यामिनी, ओळख पटली आहे. अठ्ठ्याण्णव. आज संध्याकाळी निवांत बघ ना."

"दोन मिनिटं, सर."

मी सफाई काढून टाकली. पडद्यावर तोच ट्रक पुन्हा उभा राहायला लागला, पण आता घाण. त्याच्या बाजूला, हौद्यावर, पुढच्या चाकाशी फराटे होते. फराटे म्हणजे नुसते अस्पष्ट पट्टे, त्यांना तोंड नसतं की हातपाय नसतात. मी चित्र फिरवलं आणि बाजूने पाहिलं. एक पट्टा जमिनीपासून पाच फुटांवर संपत होता. दुसराही जवळजवळ तेवढाच. तिसरा हौद्यावर, उभा. एक ट्रकखाली आडवा. मी मोजले. सात.

मी पुन्हा मोजले.

"साहेब," मी म्हणाले, "फोन ठेवा."

कर्नल माझ्याकडे बघायला लागले. फोन त्यांच्या कानाला होता आणि पलीकडे कुणीतरी आकडे वाचून दाखवत होतं.

"तिथे माणसं आहेत असं वाटतंय."

"वाटतंय?"

देवस्थळी सर मधे पडले. "साहेब, मूळ चित्रात असे डाग येतात. त्यांना आकार नसतो. यावरून माणसं आहेत असं शास्त्रीयदृष्ट्या म्हणता येणार नाही. यामिनी, खात्री आहे की शंका?"

खरं उत्तर शंका हेच होतं. पट्ट्यावरून माणूस सिद्ध होत नाही, हे मीच एका टिपणात लिहिलं होतं.

"खात्री आहे," मी म्हणाले. "सात माणसं आहेत, साहेब."

कर्नलांनी फोनमध्ये एकच शब्द उच्चारला. "थांबा." मग दुसऱ्या फोनवरून जीप मागवली.

---

मीही त्या जीपमध्ये बसले. कर्नलांनी नको म्हटलं, तरी बसले. देवस्थळी सर पुढे, मी आणि एक हवालदार मागे. हवालदाराचं नाव बोबडे. रस्ता असा नव्हताच. बोनेटच्या पुढे काही दिसत नव्हतं. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून चाकोरी शोधत होता. खोऱ्यात जागोजाग खड्डे होते, जुन्या गोळ्यांचे, आणि त्यांच्या कडेने गवत जास्त दाट वाढलेलं.

दहा मिनिटांनी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मग ऐकू आलं. लोखंडावर लोखंड. ठण्. ठण्. मग कुणीतरी हसलं, बाईच्या आवाजात.

माझी शंका खरी निघाली याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी जीपची कांब धरून खाली उतरले.

बोबडेंनी शिट्टी मारली आणि ठणठण थांबली. धुक्यातून ट्रक दिसला तो आम्ही त्याला हात लावू शकू इतक्या जवळ आल्यावर. त्याचं एक दार काढून जमिनीवर ठेवलेलं होतं. सहा बायका आणि एक म्हातारा. सगळ्यांच्या डोक्याला मफलर नाहीतर जुने टॉवेल. पळायचा प्रयत्न कुणी केला नाही. हौद्यावर उभी असलेली एक तरुण बाई खाली उतरली. नवऱ्याचा असावा असा एक लांब स्वेटर तिने लुगड्यावरून घातला होता आणि हातात मोठा पाना होता.

"काय गं सारजे, आज तुम्ही का?" बोबडे म्हणाले. त्यांची ओळख होती.

"तुमचीच वाट बघत हुतो," ती म्हणाली. "ह्यो नटबोल्ट निघंना. तुम्ही जोर लावा की जरा."

बाकीच्या बायका तोंडावर पदर धरून हसल्या. बोबडेंनाही हसू आलं असतं, पण सर शेजारी होते.

सगळ्यांत वयस्कर बाई चाकाशी बसली होती, ती गुडघ्यावर हात टेकत उठली. छबूबाई शेंडगे. सारजा तिची सून. धरणात गाव गेलेली ही मंडळी, खोऱ्याच्या वरच्या कडेला त्यांची वस्ती होती. गोळ्यांचे तुकडे, पितळ, पत्रा वेचून भंगारवाल्याला घालायचं, हे त्यांचं कित्येक वर्षांचं काम.

"भोंगा ऐकला नाही?" देवस्थळी सर ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तीनदा वाजला! कळत नाही तुम्हाला? पाच मिनिटांत इथे... पाच मिनिटांत..."

"भोंगा तर रोजच वाजतुया, साहेब," छबूबाई शांतपणे म्हणाली. "पर धुक्यात तोफ वाजत न्हाई."

"कोण म्हणतं?"

"कोन म्हननार? आमी बघतोय की. मी लगीन हून आले तवापासून. तोफवाल्याला सोताला दिसल्याबिगर त्यो मारत न्हाई. त्या टेकडीवर दुर्बीण लावून साहेब बसतो, त्याला दिसलं की मग वाजती. ऊन असंल तर आमी इकडं फिरकत बी न्हाई. पोरंबाळं हायती आमाला. धुकं पडलं की निघायचं, धुकं उठायच्या आत माघारी. आजवर येका मानसाला खरचटलं न्हाई."

तिचं सगळं बरोबर होतं. त्या खोऱ्यात आजवर असंच झालं होतं. तोफेचा नियम त्यांनी कुणाला न विचारता, लांबून बघून बघून शोधून काढला होता, आणि तो कधीच चुकला नव्हता. आम्ही येईपर्यंत.

बोबडेंनी हत्यारं गोळा करून जीपमध्ये टाकली. नावं लिहून घेतली. सारजा माझ्याजवळ आली आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ताई, तुमी बी तोफ उडवता?"

"नाही. मी इंजिनियर आहे."

"मंजे कशाच्या?"

मी सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडे बघत होते. आम्ही सगळ्यांनी सह्या करून दिल्या होत्या. रडार काय करतं, ते धुक्यात बघू शकतं, हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही. त्या कागदावर शिक्षाही लिहिली होती.

"गस्त घालत होतो आम्ही," बोबडेच म्हणाले. "गस्तीत सापडलात."

"तरीच," सारजा म्हणाली. "नाहीतर एवढ्या धुक्यात कोन बघतंय."

छबूबाईचं मात्र इकडे लक्ष नव्हतं. ती ट्रककडे बघत होती, मग सरांच्या चेहऱ्याकडे, मग माझ्या. साहेबमाणूस इतका का घाबरला, हे तिला खटकलं असावं. ती माझा हात धरून थोडी बाजूला घेऊन गेली. तिची बोटं थंड आणि खरखरीत होती.

"बाई, खरं सांगा. आता धुक्यात बी वाजनार हाय का?"

सर पाच पावलांवर होते. बोबडे दोरी गुंडाळत होते. मला फक्त मान हलवायची होती. एकदा. कुणाला दिसलंही नसतं.

"मला काही माहीत नाही, मावशी," मी म्हणाले. "तुम्ही येऊच नका इकडे. बंदी आहे."

"ते तर बोर्डावर लिवलंय," ती म्हणाली आणि माझा हात सोडला.

---

त्या दुपारी कर्नलांनी मला चहा पाजला. "सात जिवांचं पुण्य लागलं तुम्हाला," ते म्हणाले. त्यांना गावात दवंडी द्यायची होती. पण काय द्यायची? धुक्यातही मारा होणार असं सांगितलं, तर आम्हाला धुक्यात दिसतं हेच सांगितल्यासारखं. वरून परवानगी आली नाही. शेवटी बंदीच्या जुन्या पाट्या नव्याने रंगवायच्या, एवढं ठरलं.

देवस्थळी सरांनी अहवाल लिहायला घेतला. 'दाट धुक्यामुळे चाचणी स्थगित.' मी वाचून म्हणाले, "सर, धुक्यासाठीच तर चाचणी होती."

"मग काय लिहू? सफाई माणसं पुसते असं लिहू?"

"तेच झालंय ना."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगेन. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी मला दोन महिने घरून काम करू दिलं होतं. "सफाई काढली तर आकडा एक्याऐंशी," ते म्हणाले. "नव्वदच्या खाली आपण नापास. तीन वर्षं, चौदा माणसं, सगळं गेलं. एकदा पास होऊ दे. पुढच्या आवृत्तीत इशारा घालू. पुसलेलं प्रमाण दहाच्या वर गेलं की लाल दिवा. तूच लिही तो. मी शब्द देतो."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत तू आहेस की. खालची ओळ तू बघतेसच."

हे मला पटलं. पटावं अशी माझी इच्छा होती, म्हणूनही असेल. मी सही केली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला बंगळुरूला पाठवलं. जानेवारीतल्या त्या चाचणीआधीच ठरलं होतं ते, कुणाचा डाव नव्हता. धुक्याचा मोसम संपत आला होता आणि मोठे अधिकारी उन्हाळ्यात येणार होते. मी जाताना फिरोजला म्हणाले होते, काही झालं तर खालच्या ओळीकडे लक्ष ठेव. तो म्हणाला होता, हो.

एका गुरुवारी दुपारी जेवायच्या सुट्टीत त्याचा फोन आला. मी जिन्यात उभी होते.

"काल रात्री निरोप आला," तो म्हणाला. "मोठे साहेब दौऱ्यावर होते, आजच बघायचं म्हणाले. धुकं पण पडलं सकाळी, बरं पडलं. सरांना वाटलं नशीबच."

"मग?"

"पहिल्याच गोळ्यात ट्रक लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांना मिठी मारली एका साहेबांनी." तो थांबला. "अकरा वाजता धुकं उठलं."

जिन्याच्या कठड्यावर कुणीतरी चहाचा रिकामा कप ठेवलेला होता, त्याकडे बघत राहिले.

"खालची ओळ?" शेवटी मी विचारलं.

"नवीन पडदा लावलाय ना पाहुण्यांसाठी. मोठी अक्षरं. त्यात ती ओळच नाही. कुणीतरी काढली, पसारा दिसतो म्हणून." त्याचा श्वास मला ऐकू येत होता. "मी विमान उडवत होतो, यामिनी. मी बघितलं नाही."

"किती?"

"तीन."

त्यांत सारजा होती.

---

चौकशी झाली. मी प्रशिक्षण सोडून आले आणि जे घडलं ते लिहून दिलं, जानेवारीपासून. मूळ चित्र, साफ केलेलं चित्र, दोन्ही जोडली. चौकशीच्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "यंत्राला माणसं दिसली नव्हती, असंच ना?"

"दिसली होती," मी म्हणाले. "यंत्राने सगळं पाहिलं होतं. आम्ही पुसलं."

त्यांनी ते टाइप करणाऱ्या माणसाकडे पाहिलं. त्याचे हात थांबले होते. "हे तांत्रिक आहे," अधिकारी म्हणाले, "वेगळ्या परिशिष्टात घेऊ." ते परिशिष्ट मी कधी पाहिलं नाही. निष्कर्षात लिहिलं होतं, प्रतिबंधित क्षेत्रात अनधिकृत प्रवेश. देवस्थळी सर मेमध्ये निवृत्त झाले. निरोपसमारंभाला मी गेले नाही. त्यांनी मला नंतर दोनदा फोन केला, मी उचलला नाही. आता ते नाहीत. रणनवरेंची बदली झाली. जाताना त्यांनी मला एका ओळीचं पत्र पाठवलं, 'मी दवंडी द्यायला हवी होती.' मी ते ठेवलं आहे.

राजीनामा दिल्यावर मी वस्तीवर गेले. त्याच वर्षाचा मार्च तेव्हा संपत आला होता. एसटीतून उतरून तासभर चालावं लागलं. आठ-दहा पत्र्याची घरं, मधे एक हातपंप. एका घरावर सैन्याच्या गाडीचं हिरवं दार बसवलेलं होतं, दार म्हणूनच.

छबूबाई मक्याची कणसं सोलत बसली होती. तिने मला लगेच ओळखलं. उठली नाही, पण शेजारचं पोतं सरकवून बसायला जागा केली. आतून कुणाला तरी चहा टाक म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, मला शिव्या घालेल, मला हाकलून देईल. मी त्या सगळ्याची तयारी करून गेले होते.

"मावशी," मी म्हणाले, "तुम्ही मला विचारलं होतं. मला तेव्हा माहीत होतं."

तिचे हात कणसावर चालत राहिले. "व्हय," ती म्हणाली. "कळलं हुतं मला. तुमी खाली बघितलं तवाच कळलं. मी सारजेला म्हनलं, त्यो साहेब भ्यालाय, आता धुकं सुदीक खरं न्हाई. ती म्हनली, तुमाला काय बी वाटतंय आत्याबाई. ती बाई न्हाई म्हनली न्हवं? शिकलेली बाई कशाला खोटं बोलंल."

चहा आला. मी कप हातात धरून बसले. आत एक दीड-दोन वर्षांची मुलगी जमिनीवर पालथी झोपली होती. ती कुणाची, हे विचारायची गरज नव्हती.

हळूहळू इतर बायका येऊन उंबऱ्याशी बसल्या. जानेवारीत ट्रकपाशी होत्या त्यांतल्या दोघी होत्या. म्हातारा नव्हता. छबूबाईने शेवटचं कणीस टोपलीत टाकलं, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे तोंड करून बसली.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "आता येक सांगा. तुमी आतल्या हाय. धुकं तर गेलं आमचं. मग आता कवा वाजत न्हाई तोफ?"

मला कळायला वेळ लागला.

"म्हणजे?"

"मंजे कवा जायचं आमी? पावसात जावं का? का भर दुपारचं, त्यांच्या जेवनाच्या टायमाला? धूळ उठती तवा? तेवढी येक येळ सांगा, बाई. बाकी आमचं आमी बघू."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. पोरगी आत कूस बदलत होती. त्या कागदावरची माझी सही, ती शिक्षा, सगळं मला आठवत होतं आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी त्यांना सांगितलं. विमान कसं फिरतं, लहरी कशा जातात, सगळं, त्यांना समजेल अशा शब्दांत. पाऊस चालत नाही. धूळ चालत नाही. अमावस्याही चालत नाही. झाडाखाली लपून भागत नाही. तुम्ही हललात की पुसले जाता, आणि उरते ती नुसती गाडी.

"येक बी येळ न्हाई?" उंबऱ्यावरची एक म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. "एकही नाही."

छबूबाईने माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती उठली, कोपऱ्यात टेकवून ठेवलेली पहार उचलून खाटेखाली सारली, आणि आत जाऊन सारजाच्या मुलीला कडेवर घेतलं. उंबऱ्यावरच्या बायका अजून तशाच बसल्या होत्या. त्यांतली एक खोऱ्याकडे बघत होती. तिथे लख्ख ऊन होतं आणि लांबवर, उतारावर, कुणीतरी नवा ट्रक आणून उभा केला होता.